रिमोट, रजिस्टर आणि व्याख्यानमाला

सकाळी ७.४०

वाचनालयाचं कुलूप अजून उघडलेलं नाही. पायरीवर बसून मी कालची टिपणं चाळते आहे. सकाळी आठ ते अकरा देवघेव, अकरा ते पाच बंद, पाच ते आठ पुन्हा देवघेव, असं इथलं वेळापत्रक. मधले सहा तास माझे. संगणक दुरुस्तीचं माझं दुकान आज बंद ठेवून आले आहे, कारण हे काम तुकड्यातुकड्यांनी होण्यासारखं नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तो वसा पुढे गावोगावच्या वाचनालयांनी घेतला. आमच्या तालुक्याच्या गावातली माला लहान आहे, मे महिन्यातले सात दिवस. पण इथल्या एका जुन्या कार्यवाहांनी भाषणं ध्वनिफितीवर उतरवून ठेवायची शिस्त लावली, पुढे व्हीएचएसचा कॅमेरा आला, आणि बघता बघता दोन कपाटं भरली. गेली दोन वर्षं मी त्या फिती संगणकावर उतरवते आहे. आता त्या ऐकायच्या कुठे, हा प्रश्न आहे. ज्यांना ऐकायच्या आहेत ते बहुतेक सत्तरीच्या पुढचे. त्यांना माउस हातात देऊन फोल्डर शोधायला लावायचं नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं. हॉलमध्ये टीव्ही, हातात रिमोट, पडद्यावर साल आणि वक्त्याचं नाव. एवढंच त्यांच्यासमोर असावं.

८.१०

वाचनालय सांभाळणाऱ्या ताईंनी शटर वर केलं, उदबत्ती लावली, संगणक सुरू केला. हा संगणक एका कचेरीकडून देणगीत आला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या, विंडोज ११ ला इतका जुना प्रोसेसर चालत नाही, म्हणून धडधाकट यंत्रं अडगळीत निघाली. त्यातलं एक आमच्या वाट्याला आलं. त्यावर मी डेबियन १३ हे लिनक्स बसवलं, डेस्कटॉप केडीईचा प्लाझ्मा, आणि हॉलसाठी कोडी हा माध्यम-प्लेयर. संगणकाच्या पाठीमागून दोन केबली निघतात: एक ताईंच्या टेबलावरच्या मॉनिटरला, दुसरी भिंतीतून हॉलमधल्या टीव्हीला. वाचनालयाकडे दुसरा संगणक घ्यायला पैसे नाहीत, आणि एकावर भागत असताना दुसरा घ्यावा असं मलाही वाटत नाही.

या दोन प्रोग्रॅमांची घरं मुळात वेगळी. कोडीचा जन्म २००२ चा, एक्सबॉक्स नावाच्या खेळाच्या यंत्रासाठी. पुढे तो लिनक्सवर आला आणि २०१४ साली त्याला आजचं नाव मिळालं. दहा फुटांवरून, सोफ्यावर बसून बघायचा तो पडदा. यंत्र सगळं आपलंच आहे, असं तो धरून चालतो. केडीईची सुरुवात १९९६ ची, जर्मनीतल्या ट्युबिंगनची. तिथे कल्पना टेबलाची: खुर्चीवर एक माणूस, समोर चार खिडक्या, आणि त्या सगळ्यांवर देखरेख डेस्कटॉपची. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. अडचण येते ती दोघांना एका छपराखाली नांदवताना.

सोपा मार्ग आहे. लॉगिनच्या पडद्यावर प्लाझ्माऐवजी थेट कोडीचं सत्र निवडता येतं. मग डेस्कटॉप उरतच नाही. टीव्हीसाठी केडीईनं २०२० साली प्लाझ्मा बिगस्क्रीन हा वेगळा प्रकल्पही आणला. घरच्या दिवाणखान्यात यातलं काहीही चालेल. इथे मात्र हॉलमध्ये व्याख्यान चालू असताना त्याच क्षणी टेबलावर पुस्तकं परत घेतली जात असतात. दोन्ही एकाच वेळी हवं आहे.

८.३५

"अगं, इकडे ये जरा. हे बघ काय झालंय."

लिबरऑफिस कॅल्कमध्ये सभासदांचं रजिस्टर उघडलेलं आहे. एका ओळीवर ताईंचं बोट. अनामत या रकान्यात सगळीकडे ५००, ५००, ५००, आणि मध्येच ९४. त्याखालच्या ओळीत काही बदल नाही, पण कर्सर तिथून आठ ओळी खाली जाऊन बसला होता, असं त्या सांगतात.

मला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. काल संध्याकाळी हॉलमध्ये व्याख्यानं ऐकायला येणाऱ्या अण्णांना १९९४ चं व्याख्यान हवं होतं. यादीत लवकर पोचायला त्यांनी रिमोटवर ९ आणि ४ दाबलं, मग ओके, मग खालचा बाण आठ वेळा. टीव्हीवर काहीच हललं नाही, कारण ते सगळं इथे, ताईंच्या रजिस्टरात उमटत होतं.

"मी काही म्हणत नाही," ताई म्हणाल्या, "पण हे रजिस्टर ऑडिटला जातं."

मला फार वाईट वाटलं. पैशाचा हिशेब ज्यात आहे त्या कागदाला माझ्या जोडणीमुळे धक्का लागला. मी जुनी प्रत काढून तो आकडा दुरुस्त केला, आणखी कुठे गडबड नाही ना हे ओळीओळीनं ताडून पाहिलं, आणि दुपारचं पहिलं काम हेच असं वहीत लिहिलं. तोवर रिमोटचा डोंगल काढून ड्रॉवरमध्ये ठेवला.

११.१५

शटर अर्धं खाली. शांतता.

टीव्हीचा रिमोट संगणकाशी सरसकट बोलत नाही. संगणकाच्या साध्या एचडीएमआय जोडणीतून रिमोटच्या खुणा आत येत नाहीत, म्हणून आम्ही युएसबीचा एक डोंगल लावला आहे. रिमोटचा प्रकाश पकडायचा आणि त्याचं कळीत रूपांतर करायचं, हे त्याचं काम. पण तो संगणकाला स्वतःची ओळख "मी कीबोर्ड" अशी करून देतो. आणि कीबोर्डावरची कळ कुणाला द्यायची, हे डेस्कटॉप ठरवतो: जी खिडकी समोर आहे तिला. ताई रजिस्टरवर काम करत असतील तर रजिस्टरला. प्लाझ्मानं काहीही चूक केलेली नाही. त्याला दोन कीबोर्ड दिसतात, आणि त्यातला एक ताईंचा, दुसरा अण्णांचा आहे हे त्याला सांगितलंय कुणी?

तेच आज सांगायचं. लिनक्सवर नवं उपकरण लागलं की यूडेव्ह नावाची यंत्रणा त्याची नोंद घेते, आणि आपण तिला आपले नियम देऊ शकतो. मी दोन ओळींचा नियम लिहिला. पहिली ओळ: या डोंगलकडे डेस्कटॉपनं लक्ष द्यायचं नाही. दुसरी: समोर जो लॉगिन केलेला माणूस आहे त्याच्या प्रोग्रॅमला हे उपकरण थेट वाचायची मुभा आहे. पहिली लगेच लागू झाली. दुसरी होईना. परवानगी नाही, परवानगी नाही, असा अर्धा तास गेला. शेवटी लक्षात आलं की नियमांच्या फाइली क्रमांकानं वाचल्या जातात, मुभा प्रत्यक्ष वाटणारी फाइल ७३ क्रमांकाची आहे, आणि मी माझ्या फाइलला ९९ नाव दिलं होतं. वाटप झाल्यावर मी रांगेत उभी होते. क्रमांक ७० केला आणि दार उघडलं.

आता डोंगल वाचणारा छोटा पायथन प्रोग्रॅम. कळ आली की तिचा अर्थ लावायचा आणि कोडीला कळवायचं. कोडीची यासाठी स्वतःची वाट आहे: जेसन-आरपीसी. ९०९० क्रमांकाच्या पोर्टवर तो कान लावून बसलेला असतो. वर जा, खाली जा, निवड, मागे ये, असे निरोप घेतो. समोरची खिडकी कुठली याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. म्हणजे ताई रजिस्टरात असोत की पत्र लिहीत असोत, अण्णांचा बाण टीव्हीवरच जाणार.

पहिल्या चाचणीत बाण एकदा दाबला की यादी दोन घरं सरकत होती. कळ दाबली की १, सोडली की ०, धरून ठेवली की २ असे आकडे येतात. मी १ आणि ० दोन्हींवर निरोप पाठवत होते. ० गाळला. आता दाबून धरलं तर यादी सरसर खाली जाते, एकदा दाबलं तर एकच घर. म्हाताऱ्या बोटांना कळ सोडायला वेळ लागतो, म्हणून धरल्यावरची पुनरावृत्ती मी मुद्दाम मंद केली.

मग रजिस्टर उघडलं, एका मोकळ्या फाइलीत कर्सर ठेवला, आणि रिमोटची प्रत्येक कळ दहा-दहा वेळा दाबली. पानावर एक टिंबही उमटलं नाही. हॉलमधल्या टीव्हीवर मात्र यादी नाचत होती. खिडकीतून ते बघताना मला इतकं बरं वाटलं की मी उगाच आणखी पाच मिनिटं बाण दाबत बसले.

१.०५

ताईंनी डब्यातून माझ्यासाठीही भाकरी आणली होती, पिठलं आणि ठेचा. जेवताना त्यांनी विचारलं, "त्या रिमोटवर लाल बटण आहे. ते कुणी दाबलं तर?"

खरा प्रश्न. सकाळपर्यंत ते बटण दाबलं असतं तर ताईंच्या पडद्यावर संगणक बंद करण्याची विचारणा आली असती. आता ती कळही माझ्या प्रोग्रॅमकडेच येते. मी तिला "व्याख्यान थांबव" एवढाच अर्थ दिला. पण कोडीच्या स्वतःच्या मेनूतही संगणक बंद करायची ओळ आहे, आणि कोडी ती विनंती थेट यंत्रणेकडे नेऊ शकतो. म्हणून कोडीच्या ठरीव रूपड्याची, एस्चुअरीची, एक वेगळी प्रत करून तिच्यातून ती ओळच काढली. त्याच प्रतीत टंकही बदलला. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं केलेला मुक्ता घातला. ओळींची उंची थोडी वाढवली, तेव्हा उकार आणि रफार सुटसुटीत दिसायला लागले.

१.४०

आता दिवसाचं मुख्य काम.

हॉलमध्ये काय चाललं आहे हे ताईंना टेबलावरून कळलं पाहिजे, आणि तिथूनच थांबवता आलं पाहिजे. प्लाझ्माच्या पॅनलवर त्यासाठी सोय आहेच. फायरफॉक्समध्ये गाणं लावा किंवा व्हीएलसीत चित्रपट, घड्याळाशेजारी त्याचं नाव येतं, थांबवायचं बटण येतं, कीबोर्डावरची माध्यमांची कळही चालते. हे जमतं ते एका करारामुळे. लिनक्सवरचे प्रोग्रॅम डी-बस नावाच्या निरोप्यामार्फत एकमेकांशी बोलतात, आणि एमपीआरआयएस हा त्या निरोप्याच्या हाती द्यायचा एक ठरलेला नमुना आहे: मी अमुक, सध्या हे वाजवतोय, एवढं लांब आहे, मला थांबवायचं तर असं सांगा. नमुना पाळला की कुठलाही डेस्कटॉप कुठल्याही प्लेयरला ओळखतो. ज्यांनी हे प्रोग्रॅम लिहिले ते एकमेकांना कधी भेटलेही नसतील. मला या करारांबद्दल मनापासून आदर आहे; माझं सगळं पोट त्यांच्यावर चालतं.

आमच्या संगणकावरचा कोडी मात्र हा नमुना भरत नाही. त्याची भाषा जेसन-आरपीसी, प्लाझ्माची एमपीआरआयएस. मध्ये दुभाषी हवा. रिमोट वाचणारा प्रोग्रॅम कोडीशी बोलतच होता, त्यालाच हे दुसरं काम दिलं.

पहिला निरोप गेला आणि पॅनलवर कोडीचं चिन्ह उगवलं. शीर्षक आलं, पण वक्त्याचं नाव नाही. नमुना पुन्हा वाचला. कलाकाराच्या रकान्यात एक नाव चालत नाही, नावांची यादी लागते, मग यादीत एकच नाव का असेना. कंस घातला, नाव आलं. मग लांबी. १ तास २० मिनिटांचं व्याख्यान पॅनलवर ४ सेकंदांचं दिसत होतं. कोडी वेळ तास, मिनिटं, सेकंद, मिलिसेकंद असा फोडून देतो. मी त्याचे मिलिसेकंद केले. एमपीआरआयएसला हवे असतात मायक्रोसेकंद. हजारानं गुणलं.

इथवर सरळ होतं. मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. काही व्याख्यानं व्यवस्थित, आणि काही लावली की दुभाषी जागच्या जागी मरायचा. ध्वनिफिती चालायच्या, काही चित्रफिती चालायच्या, काही नाही. साल, वक्ता, फाइलचा प्रकार, कशातच सूत्र सापडेना. पाऊण तास गेला. शेवटी ज्या चालत नव्हत्या त्यांची नावं कागदावर एकाखाली एक लिहिली आणि ताईंना दाखवली.

त्या चटकन म्हणाल्या, "या सगळ्यांचे सारांश मी स्मरणिकेतून उतरवलेत. लांबलचक आहेत."

तिथे गाठ सुटली. कोडीच्या निरोपात मी सारांशही मागवत होते. सॉकेटमधून येणारा मजकूर मी ४०९६ बाइटांच्या घासांनी वाचत होते आणि प्रत्येक घास लगेच अक्षरांत बदलत होते. यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'व्याख्यान' मधल्या नुसत्या 'व्या' मध्ये व, हलन्त, य आणि काना अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. सारांश लहान असला तर सगळा एका घासात मावतो. लांबला की घास मध्येच तुटतो, आणि बऱ्याचदा तो एखाद्या चिन्हाच्या पोटातच तुटतो. अर्ध्या चिन्हाचं अक्षर होत नाही. प्रोग्रॅम तक्रार करून थांबतो. इंग्रजी मजकुरावर ही चूक कधी दिसलीच नसती. कुणीही इंग्रजीत चाचणी घेऊन हे काम पुरं झालं असं म्हणालं असतं, आणि त्याच्या दृष्टीनं ते खरंही असतं.

आता दुभाषी बाइट साठवतो, पूर्ण झालेली चिन्हंच पुढे पाठवतो, उरलेला तुकडा पुढच्या घासाला जोडतो. याच दुरुस्तीत दुसरीही एक कसर निघाली: कोडी दोन निरोपांच्या मध्ये कुठलीही खूण ठेवत नाही, ते एकमेकांना चिकटून येतात. एक निरोप कुठे संपला हे त्याचा शेवटचा कंस बघूनच ठरवावं लागतं.

सगळ्या फिती एकामागून एक लावून पाहिल्या. एकाही ठिकाणी दुभाषी अडखळला नाही. पॅनलवर व्याख्यानाचं नाव, खाली वक्त्याचं, खाली सरकणारी रेघ. ताईंच्या फोनवर फोन आणि संगणक जोडणारं केडीई कनेक्ट टाकलं होतं. तेही याच नमुन्यावर चालतं, त्यामुळे काही न करता फोनवरही थांबवायचं बटण आलं. फोन वाजला की चालू माध्यम आपोआप थांबवायची एक सोय त्यात आहे, ती बंद आहे याची खात्री करून घेतली. ताईंना घरून फोन आला म्हणून हॉलमधलं भाषण तुटायला नको.

३.३५

चहा घेताना टीव्हीकडे नीट पाहिलं. १९९० च्या दशकातली एक चित्रफीत. कॅमेरा वक्त्यावरून हळूच श्रोत्यांकडे वळतो आणि तिथे चित्र बारीक बारीक हिसके खातं.

आपल्याकडचा व्हीएचएस पॅल पद्धतीचा: सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येक चित्र दोन अर्धकांत, म्हणजे ५० अर्धकं. टीव्ही चालला होता सेकंदाला ६० वेळा ताजा होणाऱ्या पद्धतीवर. साठाला पंचवीसनं भागलं की २.४. म्हणून काही चित्रं दोन फेऱ्या टिकतात, काही तीन, आणि डोळ्याला तो लंगडेपणा कळतो. एरवी कोडी स्वतःच पडद्याचा वेग बदलू शकतो, पण आमचं प्लाझ्माचं सत्र वेलँड या पडद्यावर चित्र मांडायच्या पद्धतीवर चालतं आणि तिथे पडद्याच्या मांडणीवर हक्क डेस्कटॉपचा. मला ते योग्यच वाटतं. एका प्रोग्रॅमनं सगळ्यांचा पडदा हलवू नये. मग डेस्कटॉपलाच सांगितलं. प्लाझ्माच्या पडद्यांच्या मांडणीत टीव्हीला कायमचे ५० हर्ट्झ दिले, मॉनिटरला ६०. वेलँडवर दोन पडदे दोन वेगांनी सुखानं चालतात. अर्धकं उलगडायची सोय कोडीत सुरू केली आणि तीच फीत पुन्हा लावली. श्रोत्यांच्या रांगा एकसलग सरकल्या. तिसऱ्या रांगेत बसलेले कार्यवाह ओळखू आले.

आवाजाचं काम पाच मिनिटांचं. कोडीचा आवाज टीव्हीला, बाकी डेस्कटॉपचा टेबलावरच्या छोट्या स्पीकरला, अशी पाइपवायर या आवाजाच्या यंत्रणेत वाटणी करून टाकली. नाहीतर ताईंना ई-मेल आला की हॉलमध्ये घंटा वाजायची.

४.१५

व्याख्यानांची यादी ताईंनी कॅल्कमध्ये ठेवली आहे: साल, दिनांक, वक्ता, विषय, सारांश. कोडीला हीच माहिती प्रत्येक चित्रफितीशेजारी एनएफओ नावाच्या छोट्या फाइलीत लागते. ताईंनी तीच माहिती दुसऱ्यांदा टंकावी हे मला मान्य नव्हतं. मी व्याख्यानाला संगीत-चित्रफितीचा साचा दिला, वक्ता कलाकाराच्या जागी, त्या सालची माला अल्बमच्या जागी. यादी जतन केली की एनएफओ आपोआप लिहिले जातात आणि कोडीला संग्रह पुन्हा चाळायचा निरोप जातो.

केडीईच्या डॉल्फिन या फाइली बघायच्या प्रोग्रॅममध्ये फाइलवर उजवं बटण दाबलं की "टीव्हीवर लावा" अशी ओळही आणली. तिचा मजकूर लिहून झाला तरी ती मेनूत दिसेना. अशा फाइलला चालवायची परवानगी द्यावी लागते हे विसरले होते. चुकून बाहेरून आलेली फाइल मेनूत घुसू नये म्हणून ती अट आहे. दिली, दिसली.

५.००

शटर वर. पहिली शाळकरी मुलं आली, मागोमाग पेपर वाचणारे.

एक गोष्ट सुटत नाही, ती ताईंना आधीच सांगितली. व्याख्यान चालू असताना कोडी डेस्कटॉपला झोपू देत नाही. ते बरोबरच आहे, पण मग टेबलावरचा पडदाही आपोआप कुलूपबंद होत नाही. ताई कपाटाकडे गेल्या तर रजिस्टर उघडं. हातानं कुलूप लावावं तर ते दोन्ही पडद्यांवर पडतं, टीव्हीवरचं चित्र जातं. एकाच माणसाचं एकच सत्र असल्यामुळे अर्धं कुलूप लावता येत नाही. दुसरं ग्राफिक्स कार्ड घालून एकाच यंत्रावर दोन स्वतंत्र बैठका करता येतात, लिनक्सला ते जमतं. पण मग पॅनलवरून थांबवायची सोय नव्यानं बांधावी लागेल, आणि कार्डाचा खर्च वेगळा.

ताईंनी क्षणभर विचार केला. "मी उठते तेव्हा वहीसुद्धा मिटून उठते. तशी फाइल मिटीन. तिला परवलीचा शब्द घालून दे."

घालून दिला.

६.३०

हॉलमध्ये अकरा जण. अण्णा पुढच्या खुर्चीत, रिमोट त्यांच्याकडे. त्यांना आज काय बदललं ते मी काही सांगितलं नाही. त्यांनी ९ आणि ४ दाबलं. यादी १९९४ वर जाऊन थांबली. त्यांनी तिसरं व्याख्यान निवडलं.

मी टेबलाशी, ताईंच्या मागे उभी. त्या एका नव्या सभासदाची अनामत भरून घेत होत्या. ५००. एंटर. पॅनलवर वक्त्याचं नाव उमटलं. अण्णांनी आवाज वाढवला, रजिस्टर हललं नाही. मी त्या रकान्याकडे बराच वेळ बघत राहिले.

सातच्या सुमारास रस्त्यावरून वरात आली. बँड, फटाके, हॉलच्या काचा थरथरायला लागल्या. हॉलमधलं कुणी उठायच्या आत ताईंनी एका हातानं पुस्तकावर शिक्का मारला आणि दुसऱ्या हातानं पॅनलवरचं बटण दाबलं. टीव्हीवर वक्ता हात वर केलेल्या अवस्थेत थांबला. हॉलमध्ये गप्पा सुरू झाल्या. हे भाषण झालं तेव्हा कोण कुठे बसलं होतं, पाऊस आला होता का, मांडव कुणी घातला होता. वरात बाजाराकडे वळली. ताईंनी पुन्हा बटण दाबलं, हात खाली आला, वाक्य पुरं झालं.

"थांबवलं कुणी?" अण्णांनी मागे वळून विचारलं.

"मी," ताई टेबलावरूनच म्हणाल्या. "इथून."

अण्णांनी हातातल्या रिमोटकडे पाहिलं, मग ताईंच्या टेबलाकडे, आणि मान डोलावून परत पडद्याकडे वळले.

७.५०

आठला शटर पडतं, म्हणून अण्णांनी लाल बटण दाबलं. व्याख्यान ४१ मिनिटं २० सेकंदांवर थांबलं.

"उद्या इथूनच पुढे लागेल ना? पोरी, मला परत शोधायला लावू नकोस."

मी त्यांच्या हातातला रिमोट न घेता त्यांनाच पुन्हा तेच व्याख्यान निवडायला सांगितलं. कोडीनं विचारलं: ४१:२० पासून पुढे, की सुरुवातीपासून? त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, पुढच्या खुर्च्यांतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि मागे आले.

ताईंनी फाइल मिटली, संगणक बंद केला, खडू घेतला आणि दारातल्या फळ्यावर लिहिलं: उद्या सायंकाळी ६.३०. १९९४, तिसरं व्याख्यान, पुढील भाग.